पहिली मोटारसायकल : आधी पाय टेकू द्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सभागृहात दिलेले भाषण. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. — संपादक मंडळ)



या मालेत माझ्या आधी डॉक्टर मधुमेहावर बोलून गेले, वकीलसाहेब मृत्युपत्रावर बोलून गेले. त्यांच्यामागे एका गॅरेजवाल्याला का उभं केलं, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. मलाही वाटलं. पण सचिवसाहेब म्हणाले, “काका, यंदा आपल्याकडची बरीच मुलं अठराची होतायत. प्रत्येक घरात एकच भांडण चालू आहे. मुलगा गाडीचं नाव सांगतो, आई नको म्हणते, आणि बाबा ॲव्हरेज किती ते विचारतात. तुम्ही एकदाच सगळ्यांना काय ते सांगा.” म्हणून उभा आहे. अठ्ठावीस वर्षं चिंचवडला गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. भाषण करायची सवय नाही, गिऱ्हाइकाशी बोलायची आहे. तसंच बोलतो.

आपण पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हाचं पार्किंग आठवा. रांगेने चेतक. दोन-तीन कायनेटिक होंडा, आजोबांची लूना, आणि ज्यांची नोकरी जरा बरी होती त्यांची स्प्लेंडर. आपल्यातले निम्मे लोक आकुर्डी, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत होते, म्हणजे जी गाडी चालवायची तीच शेजारी तयार होत होती. मग २००१ च्या शेवटी पल्सर आली आणि पोरांचं बोलणंच बदललं. त्याआधी गाडी म्हणजे ‘किती देते?’, त्यानंतर गाडी म्हणजे ‘किती सीसी?’ आज माझ्याकडे येणारा प्रत्येक नवशिक्या हाच आकडा घेऊन येतो. १५० घेऊ का २०० घेऊ? का एकदम ३५० घेऊ, म्हणजे पुन्हा बदलायला नको?

मी त्याला उलट विचारतो, “तुझी उंची किती, आणि पँटची आतली शिलाई किती इंच?” तो माझ्याकडे बघत राहतो. गॅरेजमध्ये आलोय की शिंप्याकडे, असा त्याचा चेहरा होतो.

पण खरं सांगतो, पहिल्या गाडीचं माप तिथूनच सुरू होतं. नवशिक्याची गाडी पडते कुठे? सिग्नलला उभं राहताना पडते. यू टर्न घेताना, रस्त्याकडेच्या खडीत पाय घसरून पडते. आपल्या बी विंगच्या रॅम्पवर पुढची गाडी थांबली म्हणून थांबावं लागलं, की तिथे पडते. वेग शून्य किंवा चालण्याइतका असतो. गाडी जरा कलते, पाय खाली जातो आणि जमीन दोन इंच लांब असते. तेवढ्यात खेळ संपतो. थोडी कललेली गाडी कुणीही धरतो. एका मर्यादेपलीकडे कलली की पैलवान असला तरी धरू शकत नाही. म्हणून पाय पटकन आणि पूर्ण टेकणं, हे नवशिक्याचं पहिलं संरक्षण आहे. हेल्मेट त्याच्यानंतर येतं.

शोरूममध्ये काय होतं ते सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी असते. विक्रीचा मुलगा टाकीवरून फडकं फिरवतो आणि म्हणतो, “बसून तर बघा सर.” तुमचा मुलगा बसतो, हँडल धरतो, आरशात बघतो, तुम्ही फोटो काढता. झालं, गाडी पसंत. अहो, मधल्या स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं! गाडीची उंचीच खरी नसते, आणि वजन तर स्टँड पेलतोय. गाडी स्टँडवरून खाली घ्यायला सांगा. रोज घालायचे तेच बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे एका वेळी पक्के टेकले पाहिजेत. एका बाजूला झुकून एक टाच टेकली तर चालेल का? पाच वर्षं चालवणाऱ्याला चालेल. पहिल्या गाडीला नको.

आकडे हवेत तर तेही सांगतो. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, वजन ११२ किलो. क्लासिक ३५० ची उंची ८०५, म्हणजे फरक फक्त दोन सेंटिमीटरचा, पण वजन १९५ किलो. घरातला एक धडधाकट माणूस कायम खांद्यावर बसवून चालण्याइतका फरक आहे हा. एक्सपल्ससारख्या डोंगरात जाणाऱ्या गाड्यांची सीट ८२५ च्या आसपास असते. पाच फूट चार इंचाच्या मुलाने हौसेने ती घेतली, तर प्रत्येक सिग्नलला तो फुटपाथ शोधतो. मात्र नुसती उंची बघून फसू नका. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढीच उंची जास्त वाटते. कागदावर सारख्या असलेल्या दोन गाड्या बसल्यावर वेगळ्या लागतात. म्हणून ज्याला चालवायची आहे त्याने बसल्याशिवाय गाडी घेऊ नये. वाढदिवसाला गुपचूप गाडी आणून बिल्डिंगखाली लाल फीत बांधून उभी करणारे वडील मी पाहिलेत. प्रेम समजतं, पण अहो, चप्पलसुद्धा आपण अशी आणत नाही.

बसून झालं की उतरा आणि इंजिन बंद ठेवून गाडी ढकला. दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे, मग हँडल पूर्ण वळवून एक गोल चक्कर. आपलं पार्किंग कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. खांब, त्याच्यामागे कोणाची तरी कार आणि मध्ये तुमची गाडी. रोज सकाळी ती मागे ओढून काढायची आहे. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर जी मागे घेताना घाम फुटतो, ती आपल्या रॅम्पवर निघणार नाही, वॉचमनला हाक मारावी लागेल.

आता सीसी. त्याला मी काही शिव्या देत नाही. पण सीसी म्हणजे ताकद आणि ताकद म्हणजे धोका, असं सरळ गणित नाही. क्लासिक ३५० ची ताकद साधारण २० हॉर्सपॉवर. २०० सीसीच्या तापट गाड्या २४-२५ देतात आणि त्यांचं वजन चाळीस किलोने कमी असतं. म्हणजे आकड्याने लहान दिसणारी गाडी हातात जास्त चपळ. ज्या आरएक्स १०० च्या आठवणी काढून आपल्यातले काही काका आजही उसासे टाकतात, ती ९८ सीसीची होती आणि ११ हॉर्सपॉवरची. तेवढ्यावर तिने त्या काळी भल्याभल्यांना घाम फोडला. कारण ती हलकी होती आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे ताकद एकदम यायची. नवशिक्याच्या मनगटाला अजून सवय नसते. खड्ड्यात गाडी आदळली की मूठ आपोआप पिळली जाते. तेव्हा गाडी हळू पुढे सरकणारी हवी, झेपावणारी नको. १०० ते १२५ ची गाडी ही चूक माफ करते. १५०-१६० ची साधी, सरळ बसायची गाडी बहुतेक वेळा माफ करते. त्यापुढच्या, पुढे वाकून बसायच्या गाड्या माफ करत नाहीत. एवढी विभागणी मला पुरते.

आणि गाडी कशासाठी हवी ते कागदावर लिहा. आकुर्डीच्या कॉलेजला जायचं आणि यायचं, तर ११०-१२५ पुष्कळ झाली. हिंजवडीला रोज ट्रॅफिकमध्ये जायचं असेल, तर क्लच किती मऊ आहे ते आधी बघा, डाव्या हाताचं मनगट संध्याकाळी तुम्हाला सांगेल. चाकणला रात्रपाळी असेल तर हेडलाइट बघा. तळेगाव-चाकण रस्त्यावर रात्री कंटेनरच्या शेजारून जाताना मुलाला पुढचा खड्डा दिसला पाहिजे, टाकीवरचे स्टिकर दिसून उपयोग नाही. लडाखला जायचं असेल तर जरूर जा, पण ते पहिल्या वर्षी नाही. लडाखची गाडी घेऊन कॉलेजला जाणारे पुष्कळ आहेत. शनिवारी माझ्याकडे त्यांच्या क्लचप्लेटा बदलायला असतात.

आता ब्रेकचं. इथे जरा वेळ घेणार आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी टेम्पोत घालून एक गाडी माझ्याकडे आली. मोठी गाडी, जेमतेम सहा-सात हजार किलोमीटर चाललेली. पुढचं चाक वाकलेलं, टाकी दबलेली. टेम्पोत पुढे मुलाचे वडील बसून आले होते. मुलगा रुग्णालयात होता, मांडीचं हाड मोडलं होतं, रॉड घातला होता. वडील म्हणाले, “दुरुस्तीचं राहू द्या. गाडीत काही दोष होता का, तेवढं सांगा. कंपनीवर केस करायची का ते मला ठरवायचंय.”

मी त्यांच्यासमोर गाडी खोलली. पुढच्या डिस्कचे पॅड बाहेर काढले, जवळजवळ नवे. सहा हजार किलोमीटरमध्ये त्यांना काही कामच पडलं नव्हतं. मागचे ब्रेक शू काढले, ते पार संपलेले, लोखंड लागायला आलेलं. मागच्या टायरला एका जागी घासून सपाट चट्टा पडला होता. म्हणजे ब्रेक लागला, चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी तशीच फरफटत गेली. मी विचारलं, मुलाला गाडी कोणी शिकवली? म्हणाले, “त्याच्या मामाने. मामाने बजावलं होतं, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी पलटी होते.”

गाडीत दोष नव्हता. मी तसं सांगितलं. ते माणूस पाच मिनिटं नुसते ते दोन पॅड हातात घेऊन बसले होते.

हा मामा प्रत्येक घरात आहे. तो वाईट माणूस नाही. त्याने सायकलवरून शिकून ठेवलेलं पुढे दिलं. पण एसटीत उभं असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण कुठे जातो? पुढे जातो. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला ब्रेक लावून गाडी किती थांबणार? कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं साधारण सत्तर टक्के काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नाही. लिंबू पिळल्यासारखा हळूहळू वाढवत दाबायचा, चाक सरळ असताना, आणि मागचा सोबत लावायचा. रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाला, मग तीसला, मग चाळीसला. शंभर वेळा करा. सवय बोटांना लागली पाहिजे. डोक्यात राहून उपयोग नाही, कारण त्या वेळी डोकं चालत नसतं.

आता नव्या गाड्यांना मदत आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला तर दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. एबीएस म्हणजे ब्रेक कितीही आवळला तरी चाक अडकत नाही, सोड-धर, सोड-धर असं फार भराभर होतं आणि हँडल तुमच्या ताब्यात राहतं. एक चॅनेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, दोन म्हणजे दोन्हींना. शोरूममध्ये रंगासाठी पाच-सात हजार जास्त मोजणारे लोक इथे मात्र घासाघीस करतात. दोन मॉडेलमध्ये फरक एबीएसचा असेल तर जास्त पैसे तिथे घाला. आणि जुनी गाडी घेताना २०१९ च्या आधीची की नंतरची, हे मुख्यतः यासाठी बघा.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. गाडी माझ्याकडे ताडपत्रीखाली चौदा महिने उभी होती. वडील न्यायला येईनात, विकाही म्हणेनात. एक दिवस मुलगाच आला, थोडा लंगडत. म्हणाला, “काका, ते पॅड ठेवलेत का? मला बघायचेत.” ठेवले होते. बघितले, आणि मग म्हणाला, शिकवाल का? आम्ही दीड-दोन महिने रविवारी सकाळी मैदानावर जात होतो, माझ्या गॅरेजमधल्या एका जुन्या शंभर सीसीवर. त्याची ती मोठी गाडी वाईट नव्हती, पण त्या पायावर तिचं वजन पेलणारं नव्हतं. ती विकून त्याने १२५ घेतली. अजून तीच चालवतो. सर्व्हिसिंगला आला की पुढचे पॅड झिजलेत का, ते आधी स्वतः वाकून बघतो.

जुनी घ्यावी की नवी? माझं मत विचाराल तर पहिली गाडी जुनी घ्यावी. ती एकदा तरी पडणार आहे. नव्या गाडीला पहिला ओरखडा आला की घरात सुतक असतं, जुनीला एक जास्तीचा. पण जुनी घेताना डोळे उघडे ठेवा. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. कोमट लागलं, तर त्याने काहीतरी लपवायला आधीच गरम करून ठेवलंय. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय, परत फिरा. पुढचे शॉकअप दाबून बघा, दांडीवर तेलाचा ओघळ नको. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध कुठे खट्टकन अडलं तर कोनसेट गेलाय. लिव्हरची टोकं, फुटरेस्ट, सायलेन्सरची कड एकाच बाजूला घासलेली असतील तर गाडी पडलेली आहे, त्याचं काही नाही. पण चेसिसवर हँडलच्या मानेजवळ रंग नवा दिसला तर ती ठोकलेली आहे, ती नको. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही छान दिसो, रबर म्हातारं झालेलं असतं.

कागद बघायला कंटाळू नका. आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यांनीही ऐका. “नंतर करू ट्रान्सफर, आपलाच माणूस आहे” असं म्हणून गाडी देऊ नका. कागदावर जोवर तुमचं नाव आहे तोवर त्याच्या चलनाचं आणि त्याच्या अपघाताचं पत्र तुमच्या घरी येणार आहे. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा मिळतो, त्यामुळे लोक समजतात आता पाच वर्षं बघायला नको. तो समोरच्यासाठी आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा वर्षाचाच असतो, तो पॉलिसीवर तारीख बघून वाढवावा लागतो.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते, हातात येते ती ऑन-रोड. आणि त्या ऑन-रोडमध्येही हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, रेनकोट धरलेले नसतात. ते आधी बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बसवा. लोक उलटं करतात. लाखाची गाडी घेतात आणि रस्त्याकडेच्या दोरीवरचं तीनशे रुपयांचं हेल्मेट. आयएसआय खूण, आयएस ४१५१ असा आकडा बघा. जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. घालून पट्टा बांधा आणि मागून वर ओढून बघा, डोक्यावरून निघालं तर ते तुमचं माप नाही. गाल जरा दाबले गेले पाहिजेत. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच. वहिनींची वेणी विस्कटते हे मला मान्य आहे.

आता पालकांशी दोन कडू शब्द. आपल्या मागच्या गेटने दहावी-अकरावीतली मुलं क्लासला गाडी घेऊन जातात. मी बाल्कनीतून बघतो, नावं घेत नाही. २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला सोडायला वेळ नाही ही अडचण खरी आहे. पण म्हणून चावी देणं हा मार्ग नाही, चार घरांनी मिळून रिक्षा लावता येते.

अठरा पूर्ण झाली की शिकाऊ लायसन्स. ते काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, सहा महिन्यांच्या आत द्यायची. त्या काळात गाडीवर ‘एल’ लावायचा आणि मागे मित्राला बसवायचं नाही. आपल्या मुलींपैकी बऱ्याच जणींकडे ‘विदाउट गिअर’चं लायसन्स आहे. त्यावर मोटारसायकल चालत नाही, गिअरचं वेगळं घ्यावं लागतं. मोटारसायकल मुलींसाठी नाही, हे मात्र मी कुठल्याच कागदावर वाचलेलं नाही.

आणि गाडी बक्षीस म्हणून देऊ नका हो. ‘नव्वद टक्के मिळव, मग तुला अमुक गाडी’. एकदा असा सौदा झाला की ती गाडी त्याला बसते का, पेलते का, हे बघायची सोयच राहत नाही. शब्द दिलेला असतो. शब्दच द्यायचा तर गाडी देण्याचा द्या, कुठली ते बसून बघितल्यावर ठरवू म्हणा.

पहिले तीन महिने घाट नको. सिंहगड, लोणावळा कुठे जात नाहीत. एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदीच आहे, मग लोणावळा म्हणजे जुना रस्ता आणि ट्रकची सोबत. पहिला पाऊस पडेल त्या दिवशी गाडी घरी ठेवा. वर्षभराचं सांडलेलं ऑइल त्या एका सरीत वर येतं. चेंबरची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना साबणासारखे होतात, त्यावर ब्रेक लावायचा नाही.

एवढं माझं झालं. प्रश्न विचारा म्हणून सचिवसाहेबांनी खूण केली आहे.

(यानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतली काही.)

गाडी पडली तर उचलायची कशी? — आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. मग गाडीकडे पाठ करून गुडघ्यात बसा, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, पाठ सीटला टेकवा आणि पायांच्या जोरावर उठत मागे मागे सरका. कंबर वाकवून ओढायला गेलात तर गाडी राहील तिथे, आणि तुम्हाला उचलावं लागेल.

इलेक्ट्रिक का नको? — नको कुठे म्हटलं? चेतकसुद्धा २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली. गावातल्या गावात उत्तम. मात्र आवाज येत नाही आणि मूठ पिळली की ताकद तत्काळ येते, म्हणून मनगटाचा सराव तिथेही हवा. आणि घेण्याआधी पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटचं समितीला विचारून घ्या, तो विषय माझा नाही.

सी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं — मुलासाठी घेतलेली ११० ची गाडी तो पुण्याबाहेर नोकरीला गेल्यापासून खाली धूळ खात पडली आहे. मी बावन्न वर्षांची. मला जमेल का? — सायकल येते ना? मग जमेल. सीटवर बसून चवडे टेकतात का ते आज घरी जाताना बघा. टेकत असतील तर शिकाऊ लायसन्स काढा. बॅटरी उतरली असेल, टायरमध्ये हवा नसेल. उद्या संध्याकाळी मुलाला पाठवतो, तो बघून घेईल. रविवारी सकाळी सातला मागच्या गेटपाशी या. बूट घालून या, चप्पल नको.